हात तोंडाशी जाईपर्यंत

कोपर मोडून, निखळून, ऑपरेशन होऊन जे माझ्याकडे व्यायामासाठी येतात, त्यांच्याकडे मी आधी एक्स-रे मागत नाही. विचारते, "घास तोंडात जातो का?" बहुतेक जण उत्तर द्यायच्या आधी सोबत आलेल्या माणसाकडे बघतात. मग हळूच सांगतात, "डाव्या हाताने जेवतो सध्या." हे सांगताना खाली गेलेली नजर मी नाशिकमध्ये वीस वर्षं बघते आहे. पंगतीत डाव्या हाताने जेवायला बसणं म्हणजे काय, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला नको.

गेल्या वर्षी पेठकडची एक बाई आली. छाटणीच्या दिवसांत निफाडकडे द्राक्षबागेत मजुरीला गेली होती. पिकअपमधून उतरताना पाय अडकला आणि पडता पडता तिने उजवा हात जमिनीला टेकवला. कोपर निखळलं, आत दोन हाडं मोडली. शहरातल्या एका दवाखान्यात सरकारी योजनेतून ऑपरेशन झालं, तिचा एक रुपया खर्च झाला नाही. मी तो एक्स-रे उजेडात धरला आणि मनापासून वाटलं, किती देखणं काम केलंय. प्लेट, स्क्रू, सगळं जागच्या जागी. पण बाई माझ्यापर्यंत पोचली ती ऑपरेशननंतर साडेतीन महिन्यांनी, आणि तिचं कोपर ७० आणि ९५ अंशांच्या मध्ये अडकून बसलं होतं (हात पूर्ण सरळ म्हणजे शून्य अंश). धड सरळ होत नव्हतं, धड वाकत नव्हतं. आधी सहा आठवडे प्लास्टर, मग गळ्यात झोळी, मग गावात कुणीतरी रोज तेल लावून चोळून दिलेलं. हाड जुळलं होतं, हात गेला होता.

याचं खापर मला कुणा एकावर फोडायचं नाही. सर्जनने हाडं नीट बसवली, योजनेने पैसे भरले, बाईने जे सांगितलं ते सगळं पाळलं. तरी हात गेला. म्हणजे चूक कुणा एका माणसाची नाही. आपण उपचार कशाला म्हणतो आणि तो कुठे संपला असं धरतो, तिथेच काहीतरी चुकतंय. गेल्या सत्तर वर्षांत कोपराच्या या अवघड दुखापतींचा उपचार मुळापासून बदलला, आणि तो एकाच दिशेने सरकत गेला. पूर्वी हाड जुळावं म्हणून हात बांधून ठेवत. आज हात हलवता यावा म्हणून हाड पक्कं करतात. आपली व्यवस्था या बदलाच्या अर्ध्यावर येऊन थांबली आहे. तिने ऑपरेशन घेतलं आणि ज्यासाठी ते करायचं, ते सोडून दिलं.

हे नीट कळायला कोपराच्या आत थोडं जावं लागेल. कोपर म्हणजे दाराची बिजागरी असं शाळेत शिकवतात, पण तिथे तीन हाडं आणि तीन सांधे एकाच पिशवीत बसलेले आहेत. वरून दंडाचं हाड येतं, त्याच्या टोकाला रिळासारखी घडण आहे. करंगळीच्या बाजूचं अल्ना नावाचं हाड त्या रिळाला पुढून आणि मागून पकडतं. सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून येणाऱ्या रुग्णांना मी पान्याचं उदाहरण देते. टेबलावर टेकतो तो कोपराचा टोकदार भाग, ओलेक्रेनन, हा पान्याचा मागचा जबडा. पुढचा छोटा जबडा म्हणजे कोरोनॉइड. हा पुढचा जबडा तुटला की पाना नट धरत नाही, सांधा मागे निसटतो. अंगठ्याच्या बाजूला रेडियस. त्याचं वाटीसारखं गोल डोकं बाहेरून खांबासारखा आधार देतं आणि तळहात उलटा-सुलटा करताना जागच्या जागी फिरतं. या सगळ्यांना दोन्ही बाजूंनी लिगामेंटने, म्हणजे हाडाला हाड बांधणाऱ्या चिवट पट्ट्यांनी, बांधलेलं असतं.

नुसता सांधा निखळला, हाड मोडलं नाही, तर दुखापत त्या मानाने साधी. सांधा बसवायचा, थोडे दिवस आधार द्यायचा आणि हलवायला लागायचं. खरी पंचाईत सांधा निखळताना हाडंही मोडतात तेव्हा होते. रेडियसचं डोकं फुटलं, कोरोनॉइड तुटला आणि सांधा निखळला, असं तिन्ही एकदम झालं की त्याला 'टेरिबल ट्रायड', म्हणजे भयंकर त्रिकूट, म्हणतात. रॉबर्ट हॉचकिस या अमेरिकन सर्जनने १९९६ मध्ये हे नाव दिलं. नाव भडक वाटेल, पण ते निकाल बघूनच दिलं होतं. अशी कोपरं पुन्हा पुन्हा निखळत, आखडत, लवकर झिजत. पेठच्या बाईला झालं होतं ते हेच.

हाडं बसवण्याची विद्या आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुतसंहितेत मोडलेलं हाड आणि निसटलेला सांधा यांची वेगळी विभागणी आहे, कांडभग्न आणि संधिमुक्त. ओढणं, दाबणं, जागेवर आणणं आणि मग बांधणं असा उपचाराचा क्रम आहे. कूर्पर म्हणजे कोपर निसटलं तर अंगठ्याने चाचपून ते दाबून बसवावं आणि मग हात लांब करून, दुमडून घ्यावा, असंही तिथे सांगितलंय. हे वाचताना मी दर वेळी थबकते. आजचा सर्जनही भूल दिलेल्या रुग्णाचं कोपर बसवल्यावर नेमकं हेच करतो. किती अंशांपर्यंत सरळ केलं की सांधा निसटू लागतो, ते बघतो. म्हणून सगळं आधीच माहीत होतं असा अर्थ मी काढणार नाही. एक्स-रेशिवाय कोरोनॉइडचा बोटाच्या पेराहून लहान तुकडा कुणाला दिसणार होता?

तो एक्स-रे १८९५ मध्ये आला. त्याच्या चार दशकं आधी, १८५१ च्या सुमारास, मथायसेन या डच लष्करी डॉक्टरने प्लास्टरची पट्टी वापरात आणली होती. प्लास्टरने जगभर लाखो हातपाय वाचवले, पण त्याच्याबरोबर एक समजूतही घराघरांत शिरली. हलवलं नाही की बरं होतं, आणि जितके जास्त दिवस प्लास्टर तितकं हाड पक्कं. नडगीच्या हाडाला ही समजूत एक वेळ चालून जाते, कोपराला नाही. कोपराच्या पुढच्या बाजूची पातळ पिशवी दुखापतीनंतर फार लवकर जाड होते, आकसते. तीन आठवड्यांपलीकडे बांधून ठेवलेलं प्रौढ माणसाचं कोपर पुन्हा पूर्ण सरळ व्हायला तयार नसतं. खांदा, गुडघाही आखडतो, पण कोपराइतकं रुसून बसणारा सांधा मी दुसरा पाहिलेला नाही.

मग रेडियसच्या फुटलेल्या डोक्याचं काय करायचं? १९५४ मध्ये मेसन या सर्जनने अशा शंभर रुग्णांचा अभ्यास मांडला आणि फ्रॅक्चरचे तीन प्रकार पाडले. डोक्याचा चुराच झाला असेल तर ते काढून टाकावं, असं त्याचं सांगणं. त्या काळात ते शहाणपणाचंच होतं. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे धरायला तेव्हा ना तसे स्क्रू होते, ना प्लेटा. एकट्या डोक्याचं फ्रॅक्चर असेल तर काढून टाकल्यावर अनेकांचं बरं चालेही. पण निखळलेल्या कोपरातून तेच डोकं काढलं की बाहेरचा खांबच गेला. १९५१ मध्ये एसेक्स-लोप्रेस्टी यांनी आणखी एक धोका दाखवला होता. मनगटापासून कोपरापर्यंत दोन हाडांना जोडणारा पडदा फाटला असेल आणि वर डोकंही नसेल, तर अख्खं रेडियस वर सरकतं आणि मनगट दुखू लागतं. तरीही 'काढून टाका' ही सवय पुढे कितीतरी वर्षं टिकली. काढलेल्या डोक्याच्या जागी सिलिकॉनचं डोकं बसवण्याचा काळ मध्ये येऊन गेला. ते मऊ पडायचं, तुटायचं, त्याच्या कणांनी सांधा सुजायचा. आता धातूचं डोकं वापरतात.

खरी कलाटणी दोन बाजूंनी आली. एक, १९५८ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये सुरू झालेल्या एओ या सर्जनांच्या गटाने तत्त्व मांडलं की हाड इतकं पक्कं बसवा की दुसऱ्या दिवसापासून सांधा हलवता येईल. दोन, अमेरिकेच्या मेयो क्लिनिकमधल्या अभ्यासांतून कोपर नेमकं कशाने जागेवर राहतं ते उलगडत गेलं. १९८९ मध्ये रीगन आणि मॉरे यांनी कोरोनॉइडच्या तुकड्याचे तीन प्रकार पाडले आणि तुकडा जितका मोठा, तितका निकाल वाईट, हे दाखवलं. १९९१ मध्ये ओड्रिस्कोल आणि सहकाऱ्यांनी बाहेरच्या बाजूचं लिगामेंट गेलं की कोपर फिरून मागे कसं निसटतं, ते मांडलं. तोवर सगळ्यांचं लक्ष आतल्या बाजूच्या लिगामेंटवर असायचं. सर्जन एक्स-रे बघून विचारायचा, काय मोडलंय? आता तो विचारू लागला, या कोपराला जागेवर धरून काय ठेवणार आहे? माझ्या दृष्टीने सगळ्या प्लेटा-स्क्रूंपेक्षा मोठी प्रगती ही, प्रश्न बदलला ही.

दोन शोधनिबंध मी माझ्याकडे येणाऱ्या विद्यार्थ्यांना सक्तीने वाचायला लावते. पहिला २००२ चा, रिंग, ज्युपिटर आणि सहकाऱ्यांचा. रुग्ण फक्त ११. त्यांतल्या ७ जणांचं कोपर बसवून स्लॅबमध्ये, म्हणजे अर्ध्या प्लास्टरमध्ये, ठेवल्यावरही पुन्हा निखळलं. ज्या चौघांचं रेडियसचं डोकं काढून टाकलं होतं, त्या चारही जणांचं ऑपरेशननंतरही निखळलं. अकरा माणसांची ही गोष्ट जगभरच्या सर्जनांचा हात थांबवायला पुरेशी ठरली. दुसरा निबंध २००४ चा, कॅनडातला, प्यू आणि मॅकी यांचा. त्यांनी क्रम ठरवून दिला. कोरोनॉइड बसवा, रेडियसचं डोकं बसवा किंवा बदला, बाहेरचं लिगामेंट हाडाला शिवा, आणि तरीही सांधा डळमळत असेल तरच आतल्या बाजूला हात घाला किंवा बाहेरून बिजागरीची चौकट लावा. या क्रमाने केलेल्या ३६ कोपरांची वाकण्या-सरळ होण्याची हालचाल सरासरी ११२ अंश आली. ज्या दुखापतीला नावातच भयंकर म्हटलं होतं, तिच्यासाठी ही मोठी मजल होती.

इथून पुढे गाडी 'करा ऑपरेशन' अशीच सुसाट गेली असती. तशी गेली नाही, याचं मला फार अप्रूप आहे. नुसत्या निखळलेल्या कोपराचं लिगामेंट शिवून फायदा होत नाही, हे स्वीडनमधल्या योसेफसन यांनी १९८७ मध्येच चिठ्ठ्या टाकून केलेल्या तुलनेत दाखवलं होतं. गेल्या दहा-बारा वर्षांत टेरिबल ट्रायडबद्दलही फेरविचार सुरू झाला. सीटी स्कॅनवर तुकडे लहान आहेत, सांधा नीट बसलाय, ३० अंशांपर्यंत सरळ केला तरी निसटत नाही, तळहात फिरवताना काही अडकत नाही, अशा निवडक रुग्णांना ऑपरेशनशिवाय आणि लवकर व्यायाम देऊन चांगले निकाल मिळाल्याचं कॅनडातल्याच एका गटाने २०१४ मध्ये मांडलं. कोरोनॉइडचं अगदी टोक तुटलं असेल आणि बाकी सगळं पक्कं झालं असेल तर त्या टोकाच्या मागे लागू नये, असंही आता अनेक जण म्हणतात. २०१७ मध्ये नेदरलँड्समधून १०० रुग्णांची तुलना आली. नुसतं निखळलेलं कोपर बसवून निम्म्यांना तीन आठवडे प्लास्टर घातलं, निम्म्यांना लगेच हलवायला लावलं. लगेच हलवलेले लवकर कामावर गेले, आणि त्यांच्यातल्या एकाचंही कोपर पुन्हा निखळलं नाही.

म्हणजे ऑपरेशन करा किंवा नका करू, दोन्ही वाटा शेवटी एकाच जागी येतात, ती म्हणजे लवकर, जपून, मोजून केलेली हालचाल.

आता नाशिककडे येते. इथे हाडांच्या चांगल्या सर्जनांची वानवा नाही. टेरिबल ट्रायड नीट बसवू शकणारे हात शहरात आहेत, इम्प्लांट मिळतात, सीटी होतो. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि माझ्याकडे येणाऱ्या गरीब रुग्णांपैकी कित्येकांचा हात या योजनेमुळेच ऑपरेशनच्या टेबलापर्यंत पोचला. मी ती योजना मनापासून मानते. पण ती दवाखान्यातल्या मुक्कामाभोवती बांधलेली आहे. माणूस दाखल झाला, ऑपरेशन झालं, घरी गेला, फाइल बंद झाली. कोपराचा खरा उपचार तर त्या दिवशी सुरू होतो आणि पुढे तीन महिने चालतो. त्यातलं बहुतेक सगळं दाखल न होता करायचं असतं आणि म्हणून ते हिशेबात येत नाही. आपल्याकडे कोपराला गूळ लावणे म्हणतात. गूळ तर लावलाय, पण जीभ तिथे पोचत नाही. पेठच्या त्या बाईसमोर बसल्यावर ही म्हण माझ्या डोळ्यांपुढे शब्दशः उभी राहिली.

ती पोचणार तरी कशी? आठवड्यातून दोनदा नाशिकला यायचं म्हणजे एसटीचं भाडं, सोबत एक माणूस, आणि दोघांची मजुरी बुडाली. दर खेपेला दिवस मोडतो. तीन महिन्यांत असे पंचवीस दिवस मोडायचे, तेही हात कामाचा नसताना. तिने गावातल्या चोळणाऱ्याकडे हात दिला, यात तिचा काय दोष? तो दाराशी होता. तिच्या भाषेत बोलत होता. हात लावून बघत होता. आमच्या वेळापत्रकात हे तिन्ही नव्हतं.

चोळण्याबद्दल मात्र मला स्पष्ट बोललंच पाहिजे, कारण इथे प्रेमानेच नुकसान होतं. ताज्या दुखापतीतलं कोपर चोळलं, जोर लावून ताणलं, तर त्याच्या भोवतीच्या स्नायूंत नवीन हाड तयार होण्याचा धोका वाढतो. मऊ मांसात दगडासारखं हाड. ते एकदा झालं की व्यायामाने जात नाही, कधी कधी पुन्हा ऑपरेशन करून काढावं लागतं. घट्ट बांबूच्या पट्ट्यांचा धोका तर याहून वाईट. रक्तपुरवठा अडून पंजा कायमचा आखडतो, ज्याचं वर्णन जर्मन सर्जन फोल्कमान यांनी १८८१ मध्येच करून ठेवलंय. आणि फक्त हाडवैद्यांनाच का बोलायचं? "पाण्याची बादली धरून उभं राहा, हात सरळ होईल" हा सल्ला मी शिकल्या-सवरल्या लोकांकडून, क्वचित दवाखान्यांतूनही ऐकला आहे. बादलीच्या ओझ्याने कोपर दुखतं, दुखलं की दंडाचे स्नायू ते आणखी घट्ट आवळून धरतात. ज्यांनी कुणी हा सल्ला दिला असेल त्यांनी कृपा करून तो थांबवावा. हाडवैद्यांना शिव्या देऊन काही होणार नाही, त्यांच्याकडे माणसं जातच राहणार. त्यांना आणि आशाताईंना तीन गोष्टी पक्क्या सांगाव्यात: निखळलेलं कोपर एक्स-रेशिवाय ओढू नका, बोटं बधिर किंवा गार पडली तर पट्टी तिथल्या तिथे सोडा आणि गाडी करा, आणि कोपर कधीच चोळू नका. एवढं ऐकणारे हाडवैद्य मला भेटलेत. त्यांनीच पाठवलेले रुग्णही मी पाहिलेत.

योग्य व्यायाम ऐकायला अगदी साधा वाटेल. पाठीवर झोपायचं, हात छताकडे उभा धरायचा आणि तिथून कोपर हळूहळू वाकवायचं, सरळ करायचं. अशा स्थितीत दंडामागचा स्नायू सांध्याला दाबून जागेवर धरतो, आणि नुकतं शिवलेलं लिगामेंट ताणत नाही. बाहेरचं लिगामेंट नाजूक असेल तर तळहात पायांच्या दिशेला. हात बाजूला पंखासारखा उचलून काही घ्यायचं नाही, कारण हाताचंच वजन शिवणीवर येतं. दिवसातून चार वेळा, दहा-दहा मिनिटं. ना मशीन, ना शेक, ना चोळणं. पण कुठल्या अंशापर्यंत जायचं हे ज्याने आत पाहिलंय त्याने सांगितलं पाहिजे, आणि दर आठवड्याला कुणीतरी मोजलं पाहिजे.

मोजायचं कशाशी? पुस्तकात उत्तर आहे: ३० ते १३० अंश. १९८१ मध्ये मॉरे आणि सहकाऱ्यांनी ३३ निरोगी माणसांना रोजची १५ कामं करायला लावून हा आकडा काढला, आणि जगभर तो 'कामापुरती हालचाल' म्हणून पाठ केला जातो. मला तो आकडा उपयोगी वाटतो, पण पुरेसा वाटत नाही. मोबाइल कानाला लावायला १४० च्या आसपास वाकावं लागतं, हे २०११ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवलंच. आपल्या बायका मानेमागे हात नेऊन अंबाडा घालतात, मांडी घालून बसलेल्या जागेवरून जमिनीला हात टेकून उठतात, परातीत जोर लावून पीठ मळतात, द्राक्षाच्या मांडवाखाली हात वर करून दिवसभर कात्री चालवतात. हात टेकून उठायला कोपर जवळजवळ सरळ लागतं आणि त्यावर अख्ख्या शरीराचं वजन येतं. टेबल-खुर्चीवर जेवणाऱ्या माणसाचं कोपर ३० अंशांवर अडलं तर त्याचं फार बिघडत नाही. पेठच्या बाईचं बिघडतं. आपल्या माणसांची, आपल्या कामांची अशी मोजणी इथे का होऊ नये? महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशकातच आहे. राज्यातल्या बहुतेक फिजिओथेरपिस्टांच्या पदवीवर त्याचा शिक्का असतो. वणी-दिंडोरीकडून येणारी एसटी म्हसरूळला त्याच्या दारावरून जाते, आणि त्या एसटीत डाव्या हाताने दांडी धरून उभी असलेली माणसं असतात.

मी काय मागते आहे ते सांगते. पहिलं, योजनेत कोपराच्या अवघड फ्रॅक्चरचं पॅकेज ऑपरेशनबरोबर संपू नये. त्यात तीन महिन्यांची फिजिओथेरपी धरावी आणि दवाखान्याला द्यायच्या रकमेतला एक हिस्सा तीन महिन्यांनी, कोपराची हालचाल मोजून नोंदवल्यावर द्यावा. चांगलाच निकाल आला पाहिजे अशी अट मी घालत नाही. तशी अट घातली तर अवघड रुग्ण कुणी हातात घेणार नाही. फक्त मोजा आणि लिहा, एवढंच. दुसरं, तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात आठवड्यातून ठरलेल्या एका दिवशी, शक्यतो बाजाराच्या दिवशी, फिजिओ बसावा. बाजाराला माणूस येतोच, वेगळा दिवस मोडत नाही. बाकीच्या दिवशी घरी व्यायाम आणि मोबाइलवर व्हिडिओ कॉल. मोजायला लागतो तो कोनमापक प्लास्टिकचा असतो, मुलांच्या कंपासपेटीतल्या मापकाचा थोरला भाऊ.

यावर सर्जन मित्रांचा एक आक्षेप मी नेहमी ऐकते आणि तो गंभीर आहे. ते म्हणतात, "तुम्ही लवकर हलवता आणि आमचं फिक्सेशन सुटतं. मग पुन्हा ऑपरेशन आमच्या गळ्यात. त्यापेक्षा सहा आठवडे बांधलेलं बरं, आखडलं तर नंतर सोडवू." असं फिक्सेशन, म्हणजे प्लेट-स्क्रूंनी पक्कं केलेलं हाड, सुटल्याचे प्रकार घडलेत, मी नाकारत नाही. अडाणीपणे ताणणारे फिजिओही आहेत. पण ज्या फिक्सेशनला पहिल्या दोन आठवड्यांत सावकाश हालचाल सोसत नसेल, ते एकतर अपुरं आहे किंवा तसं कुणी आम्हाला कळवलेलं नाही. खरोखर हाड ठिसूळ असेल, तुकडे धरत नसतील, तर तसं लिहा. आम्ही थांबू. आखडलेलं कोपर 'नंतर सोडवणं' हे बोलायला सोपं आहे. ते दुसरं मोठं ऑपरेशन असतं, नसा जवळ असतात, आणि मजुराचं आणखी एक हंगामभराचं उत्पन्न जातं.

म्हणून माझी तिसरी मागणी सगळ्यात स्वस्त आहे आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. डिस्चार्ज कार्डावर एक ओळ. आज बहुतेक कार्डांवर इम्प्लांटचा प्रकार, गोळ्यांची नावं, टाके काढायची तारीख असते आणि खाली 'फिजिओथेरपी' असा एकच शब्द. आत कुठलं लिगामेंट शिवलं, टेबलावर कोपर किती अंशांवर निसटू लागलं, तळहात कसा ठेवायचा, कधीपासून हलवायचं, यांतलं काही नसतं. सर्जनने ते सगळं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं असतं. लिहायला अर्धं मिनिट लागेल. ती ओळ नसली की पुढचा फिजिओ एकतर घाबरून काहीच करत नाही किंवा अंदाजाने ताणतो, आणि दोन्हींत हात जातो. आणि ती ओळ मराठीत हवी, म्हणजे रुग्णाच्या शाळेत जाणाऱ्या मुलीलाही वाचता येईल. घरात व्यायाम मोजणारी बहुतेक वेळा तीच असते.

पेठच्या बाईचं पुढे दुसरं ऑपरेशन झालं, आखडलेला सांधा मोकळा करण्याचं. त्या सर्जनना मी आधीच फोन करून विनंती केली होती. तिच्या कार्डावर खाली निळ्या पेनाने लिहून आलं: 'आतून १५ ते १३० मिळाले. बंधन नाही. उद्या सकाळपासून हलवा. चोळू नये.' ती दुसऱ्या दिवशी सकाळी आली, गळ्यात झोळी होती आणि कार्ड पिशवीत न ठेवता हातात धरलं होतं. पहिल्या दिवशी आम्ही ४० ते ११० पर्यंत गेलो, सावकाश, मध्ये दोनदा थांबून.